सायकल कुणाच्या पसंतीची?

गेल्या रविवारी दौलताबादच्या रस्त्याला चहाला थांबलो होतो. शेजारच्या सायकलवाल्यानं माझ्या फ्रेमवरचं नाव वाचलं आणि बोलणंच थांबवलं. याच सायकलवर मी वेरूळला जाऊन येतो, पण ते त्यानं विचारलंच नाही. मनाला लागलं. तुम्ही सायकल घेताना काय बघितलं? नाव, खिसा, की नुसती आवड? सविस्तर लिहा.
(छत्रपती संभाजीनगर)

आमच्या अण्णांची चोवीस इंची काळी ॲटलस. तिच्या दांडीखालून पाय घालून मी हाफ पायडल शिकलो. कॅरिअरवर पोतं टाकून अण्णा मोंढ्यात जायचे. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. बातमी ऐकून अण्णा उठले, सायकल पुसली, चेनला तेल दिलं. अण्णांच्या त्या नावावरच्या मायेला मिजास कसं म्हणू?
(परभणी)

आठवीत मला सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल मिळाली. पुढं लातूरला ट्यूशनला आले तर तिथं सगळ्या गेअरच्या. मी माझी लांब भिंतीकडंला लावायची. एकदा मैत्रिणीची चालवून बघितली. पाठ वाकवावी लागायची, चेनकव्हर नसल्यानं ओढणी अडकायची भीती, दप्तराला कॅरिअर नाही. माझीच बरी हे तेव्हा पटलं, तरी लाज काही लगेच गेली नाही. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशानं पुन्हा सरळ हँडलचीच घेतली, टोपलीवाली, मोरपंखी. त्या रंगासाठी तीन दुकानं पालथी घातली.
(लातूर)

माझी उंची पाच फूट तीन इंच. दुकानदार म्हणाला, "साहेब, असं नाव नांदेडात दुसऱ्या कुणाकडं नाही." फ्रेम लार्ज होती. सीट खाली घेतली तरी हँडल लांबच. दोन महिन्यांत मान धरली, बोटांना मुंग्या यायला लागल्या. गेअर शिमानो या नावाजलेल्या जपानी कंपनीचे, म्हणून मी खुशीत होतो. पण शेजाऱ्याच्या निम्म्या किमतीच्या सायकललाही तेच गेअर निघाले. तोटा सोसून विकली. आता दुकानात गेलो की आधी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभा राहतो. मध्ये दोन-तीन बोटं फट राहिली तरच पुढचं बोलणं. सध्याच्या सायकलचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पण मान दुखत नाही.
(नांदेड)

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात आमची काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक हलत नाही. बाभळीचा काटा तर रोजचाच. २६ इंची ट्यूब खेड्यातही मिळते, ७००सीची, म्हणजे महागड्या सायकलींच्या मोठ्या चाकाची, शहरातून मागवावी लागते, तोवर ती सायकल माझ्याकडं टांगलेली. गिऱ्हाईक विचारतं, कोणती चांगली? मी विचारतो, जायचं कुठल्या रस्त्यानं?
(बीड)

मला मात्र नावानं फरक पडतो. आजोबांकडं इंग्लंडची रॅले होती, नॉटिंगहॅमची. हँडलखालच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसायचो. चुलत्यांनी ती भंगारात घातली. चाळिशीत मी तसलीच एक जुनी शोधून काढली, रंग न देता नुसता बिल्ला घासूनपुसून ठेवला. दर आठवड्याला हातलादेवीकडं नेतो. गेअर नाहीत, चढाला उतरून ढकलतो. परवा एकानं चांगली किंमत सांगितली. नाही म्हणालो.
(धाराशिव)