शोगीच्या डब्यात दोन्ही राजे सारखेच, एक बदलायचा का?

साओपावलोची_सून:
सासरच्या शोगीबद्दल, म्हणजे जपानी बुद्धिबळाबद्दल, विचारायचंय. नवऱ्याचे आजोबा, इथे सगळे 'दिचान' म्हणतात, १९३०च्या दशकात जपानमधल्या कोबेहून बोटीने ब्राझीलच्या सांतोसला उतरले, कॉफीच्या मळ्यावर मजुरीला. ट्रंकेत मोहऱ्यांचा डबा होता, तोच अजून चालतो. युद्धाच्या काळात ब्राझीलमध्ये चारचौघांत जपानी बोलायला बंदी होती. आजेसासूबाई सांगायच्या, तेव्हा रोज रात्री पट मांडला जायचा. शोगीला तोंड उघडावं लागत नाही ना!

तर झालंय असं, की जाऊबाईंनी फोनवर कुठलासा संच पाहिला. त्यात एका राजावर 'ओ' (राजा) हे अक्षर आणि दुसऱ्यावर तसंच, पण टिंबवालं 'ग्योकु' (रत्न). आमच्या दोन्ही राजांवर टिंब. दोन डब्यांची सरमिसळ झालीय, असं त्यांचं ठाम मत. एक नवा मागवावा का?

शिवाय १८ प्याद्यांतलं एक कधीतरी हरवलं होतं, ते दिचाननी कॉफीच्या लाकडाचं कोरलंय. बाकीच्यांपेक्षा जाड. 'फु' (प्यादं) लिहिलेली बाजू फुगीर, पाठ सपाट आणि कोरी; बाकीच्यांच्या पाठीवर 'तोकिन' लिहिलेलं आहे. बढती मिळून 'तोकिन' झालं की आपणच लक्षात ठेवायचं. तेही बदलू म्हणतात. माझ्या जिवावर येतंय.

तिरका_उंट:
सरळ नवा संच घ्या. जपानमधल्या तेंदो शहरातले मोहरे नावाजलेले आहेत. बऱ्याच संचांत जादा प्यादंही येतं, पुन्हा हरवलं तर चिंता नाही.

नऊ_बाय_नऊ:
अहो, नवा कशाला! दोन्ही राजे 'ग्योकु' असलेला संच असतो, त्याला 'सोग्योकु' म्हणतात. जाऊबाईंनी पाहिला तोही बरोबरच. तसा संच असेल तर वडीलधारा किंवा वरचढ खेळाडू 'ओ' घेतो, दुसरा 'ग्योकु'. तुमच्याकडे तो मानपानच नाही.

कॉफीच्या प्याद्याला तर हात लावू नका. शोगीत सगळं उघड्यावर असतं, त्यामुळे मोहरा वेगळा दिसला म्हणून खेळ बिघडत नाही. फक्त एक विचारतो: तुमच्याकडे पहिली चाल कशी ठरवतात?

साओपावलोची_सून:
फुरीगोमा. सासरे पाच प्यादी हातात खुळखुळवून टाकतात. 'फु' जास्त पडले तर ते आधी, 'तोकिन' जास्त पडले तर मी.

नऊ_बाय_नऊ:
आणि त्या पाचांत ते जाडं प्यादं असतं? सपाट पाठीवर ते दरवेळी 'फु' वर करून बसत असेल, तर उरलेल्या चारांत दोनच 'फु' पुरे. म्हणजे १६ पैकी ११ वेळा पहिली चाल त्यांची.

साओपावलोची_सून:
आत्ता जाऊन विचारलं. राजांचं ऐकून खूश झाले, जाऊबाईंना हाक मारून ऐकवलं. प्याद्याचं विचारलं तर म्हणाले, "दिचान माझ्याशी खेळतानाही तेच घ्यायचे." आणि डबा बंद करून आत घेऊन गेले.