शब्दचर्चा : कैली, वजनी आणि केकचा ‘कप’

प्रश्न : केक-बिस्किटांच्या पाककृती मराठीत लिहिताना कपाने मोजलेले आणि तराजूवर तोललेले प्रमाण यांचा भेद कोणत्या शब्दांनी दाखवावा? ‘आकारमान’ विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातले वाटते. शिवाय एक कप मैद्याचे वजन कोणी १२० ग्रॅम देतात, कोणी १५०. यांतले ग्राह्य कोणते मानावे?

उत्तर : या भेदासाठी मराठीत नेमके शब्द आहेत. भांड्याने मोजले की कैली माप, तराजूने तोलले की वजनी. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक कैली. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण हे वजनी. ‘शेर’ दोन्हीकडे असल्यामुळे कोणता शेर, हे सांगावेच लागे. इंग्रजी पाककृतींतला ‘औंस’ आजही असाच दुहेरी आहे : अमेरिकी कपात द्रव औंस आठ, पण तोच कप मधाने भरला तर त्याचे वजन सुमारे बारा औंस, म्हणजे ३४० ग्रॅम भरते.

मैद्याचे दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण फरक भरण्याच्या पद्धतीत आहे. मैदा चमच्याने हलकेच कपात सोडून काठावरून सुरी फिरवली तर सुमारे १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप पिठात खुपसून भरला तर दीडशेपर्यंत जातो, आणि वर शीग ठेवली तर त्याहूनही पुढे. (उत्सुकता ‘शिगेला’ पोचते ती हीच शीग, पायलीच्या काठावर चढलेली धान्याची रास.) म्हणून पाककृतीत ‘सपाट’, ‘शीग लावून’ किंवा ‘चेपून’ यांपैकी एक शब्द असायलाच हवा. साखरेला तो फारसा लागत नाही, कारण तिचे दाणे दबत नाहीत. कपभर साखर साधारण २०० ग्रॅमच भरते. लोण्याचा कप २२७ ग्रॅमचा, तर कोकोचा जेमतेम ८५ च्या आसपास. कपाचे ग्रॅम करणारा एकच गुणक शोधणे त्यामुळे व्यर्थ आहे.

पुरवणी : वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र ‘कप’ या शब्दाऐवजी सरसकट ‘वाटी’ लिहिण्याच्या प्रथेला माझा आक्षेप आहे. शिऱ्यात रवा, साखर आणि पाणी एकाच वाटीने घेतले की प्रमाण टिकते, मग वाटी कोणतीही असो. केकमध्ये अंडी नगावर आणि बेकिंग पावडर चमच्यावर मोजली जाते, त्यामुळे वाटी बदलली की सगळाच हिशेब बिघडतो. कपही सर्वत्र सारखा नाही : अमेरिकेत सुमारे २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचाही पंधराऐवजी वीस मिलिलिटरचा असतो. तेव्हा मिलिलिटर एकदा तरी नमूद करावेत.

शब्दक्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘एक कप चाळलेला मैदा’ म्हणजे आधी चाळून मग मोजलेला, आणि ‘एक कप मैदा चाळून घ्यावा’ म्हणजे आधी मोजून मग चाळलेला. पहिल्यात मैदा कमी बसतो. वजनी प्रमाण दिले असेल तर दोन्ही वाक्ये चालतील.