आईचं विसरणं, दवाखान्यात नीट तपासलेत का?

खानापूरकर: आई ७४ वर्षांची, चहा पिऊन पाच मिनिटांत परत चहा मागते, परवा आपल्याच दारात उभी राहून घर कुठाय म्हणून विचारली. दवाखान्यात डॉक्टर कन्नडमधनं वार-तारीख विचारले, हिला कन्नड येत नाही, गप्प बसली, झालं, डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) लिहून झोपेची गोळी दिले. बरोबर हाय काय हे?

निपाणीवाला: कन्नड येत नाही म्हणजे विसरली काय ओ? मराठीतनं परत तपासायला लावा. बी-१२ व्हिटॅमिन, थायरॉईडची रक्ततपासणी केलेत? ते कमी असलं तरीबी असं होतंय, औषधानं सुधारू शकतंय.

टिळकवाडी: कानबी बघा, आमच्या बाबांना ऐकूच येत न्हवतं! झोपेच्या गोळीनं गोंधळ वाढतो, म्हातारी माणसं पडतात. पण एकदम बंद करू नका, विचारून करा.

खानापूरकर: रक्त तपासलेच नाहीत. सोमवारी जातो, मराठीतनं परत तपासा म्हणून मीच सांगतो डॉक्टरना.