प्रतिसाद: डिस्चार्जनंतर पुन्हा अ‍ॅडमिट

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की हार्ट फेल्युअरचे (हृदय नीट पंप करू शकत नाही असे) पेशंट गोळ्या नीट घेत नाहीत म्हणून त्यांना परत अ‍ॅडमिट व्हावं लागतं. अर्धंच खरं आहे ते. अमेरिकेत मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) हार्ट फेल्युअरचे साधारण पाचातले एक पेशंट 30 दिवसांत परत येतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त तर हार्ट फेल्युअर सोडून दुसऱ्याच कारणाने, म्हणजे न्यूमोनिया, किडनी वगैरे.

बऱ्याचदा होतं काय, अंगातलं पाणी पूर्ण उतरायच्या आधीच घरी सोडतात, पुढची अपॉइंटमेंट महिन्यानंतरची, खरं तर 7 ते 14 दिवसांत तपासणी व्हायला हवी, आणि तेवढ्यात गुडघे दुखतात म्हणून कोणीतरी आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक देतं, त्याने शरीरात मीठ-पाणी साठतं आणि परत धाप लागते. हे डिस्चार्जच्या वेळी कोणी धड सांगतच नाही, फाईल हातात देतात आणि झालं!

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा. 3 दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं (म्हणजे अंगात पाणी साठतंय) तर पाय सुजायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. आणि बरं वाटतंय म्हणून लघवीची (अंगातलं पाणी काढणारी) गोळी परस्पर बंद करू नका प्लीज.