फिलिपिन्समधलं रोजचं जगणं : तुमचे अनुभव लिहा

फिलिपिन्स म्हटलं की बोराकाय आणि पालावानचे किनारे, एवढंच आपल्याकडे बोललं जातं. पण मनिलाच्या कॉल सेंटरांत आणि बँकांत, दवाओच्या मेडिकल कॉलेजांत मराठी माणसं राहून आली आहेत, आजही राहतात. कोकणातले कितीतरी खलाशी वर्षाचा मोठा भाग फिलिपिनो सोबत्यांबरोबर जहाजावर काढतात. या धाग्यात सहलीचं वर्णन नको. कामावर कसं जायचात, कोपऱ्यावरच्या दुकानात काय मिळायचं, घरमालकिणीच्या टीव्हीवर काय लागलेलं असायचं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

मांडालुयोंग, मेट्रो मनिला

मी जीपनीने, म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या लांबलचक शेअर जीपने, ऑफिसला जायचो. मागच्या बाजूने वाकून आत शिरायचं. समोरासमोर दोन लांब बाकं, गुडघ्याला गुडघा लागलेला. कंडक्टर नाही. "बायाद पो" म्हणत पैसे शेजारच्याच्या हातात द्यायचे. तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि नोट ड्रायव्हरपर्यंत पोचते. किती जण आणि कुठे उतरणार, हेही पैशांबरोबर तोंडोतोंडी पुढे जातं. ड्रायव्हर बोटांच्या बेचक्यात दुमडलेल्या नोटा धरून, गाडी चालवता चालवता हिशेब करतो आणि सुटे आल्या वाटेने परत येतात. ड्रायव्हरच्या पाठीमागे जो बसतो त्याच्यावर सगळ्यांच्या पैशांची ने-आण येऊन पडते. तिथे बसलेल्या आजीबाईसुद्धा ती बिनतक्रार करतात. माझे सुटे वाटेत कधी अडकले नाहीत. विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना २० टक्के सूट असते. माझ्या मार्गावर कोणी "एस्तुद्यान्ते" म्हटलं की ड्रायव्हर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. उतरायचं झालं की "पारा पो!"

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या जीपा लांब करून त्यांतून ही गाडी जन्माला आली. लास पिन्यासची साराओ मोटर्स १९५३ साली सुरू झाली आणि तिच्या रंगीत, चकचकीत जीपन्या देशाची ओळख बनल्या. २०१७ साली सरकारने जुन्या जीपन्या मोडीत काढून नव्या मिनीबस आणायची योजना जाहीर केली. नव्या गाडीची किंमत २० लाख पेसोंच्या वर. किमान भाडं २०२३च्या ऑक्टोबरात १२चं १३ पेसो झालं. या दोन आकड्यांचा मेळ त्या ड्रायव्हरने कसा घालावा? म्हणून संप झाले. मी त्यांच्या बाजूचा आहे. डिझेलचा धूर मी रोज गिळलाय, जुनी इंजिनं बदलायलाच हवीत. पण त्याचा बोजा एकट्या ड्रायव्हरच्या डोक्यावर टाकणं अन्याय आहे.

केसोन सिटी

जीपनीचं कौतुक पटलं, पण कामावर जाण्याचा खरा त्रास एद्सा या मुख्य हमरस्त्यावर आहे, तेही लिहायला हवं. त्यावरून धावणाऱ्या एमआरटी-३ या मेट्रोला नॉर्थ अॅव्हेन्यूपासून ताफ्तपर्यंत फक्त १३ स्टेशनं. सकाळी तिकीट खिडकीच्या आधीच रांग, तीही जिना उतरून पार रस्त्यावर आलेली. बॅग तपासून झाली की परत रांग असायची. पुढचा डबा बायकांसाठी, ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसोबत असणाऱ्यांसाठी राखीव असतो. मी ठाण्याहून लोकलने ऑफिस गाठलेली बाई आहे, गर्दीला घाबरत नाही. पण रांगेत घुसणारं कोणी नाही, हे मला नवीन होतं. कोव्हिडच्या काळात, २०२० साली, एद्सावर बससाठी मधली मार्गिका राखून ठेवली. माझ्या मते या शहरात अलीकडे झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. रात्रपाळीवाल्यांना तिचा केवढा आधार आहे! पाऊस जोरात आला की मात्र एस्पान्या रस्त्यावर पाणी भरतं आणि सगळंच ठप्प होतं.

दवाओ, वैद्यकीय विद्यार्थी

टीव्हीबद्दल लिहितो. आमच्या घरमालकिणीला आम्ही सगळी मुलं "तिता" म्हणायचो, म्हणजे मावशी, काकू, आत्या सगळं एकच. दवाओत घरात बिसाया बोलतात, पण टीव्ही तागालोगमध्ये. त्यामुळे माझं तागालोग मालिकांमधून आलं आणि बिसाया बाजारातून. वॉर्डात पेशंटला कुठे दुखतं हे विचारायला बिसायाच उपयोगी पडली.

दुपारी बारा वाजले की गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकाच कार्यक्रमाचा आवाज. 'ईट बुलागा' ३० जुलै १९७९ला सुरू झाला. जेवणाच्या वेळी गाणी, विनोद, खेळ आणि बक्षिसं. सूत्रसंचालक एखाद्या गरीब बारांगायमध्ये, म्हणजे वस्तीत, जाऊन कोणाच्या तरी दारात उभे राहतात, ते घर आपलं सगळं जगणं कॅमेऱ्यासमोर सांगतं आणि पैसे व सामान घेऊन रडत हसत आत जातं. मला ते बघताना अवघड व्हायचं. गरिबीची गोष्ट सांगितल्याशिवाय मदत का मिळू नये, असं मी तिताला विचारलं. त्यांचं उत्तर सरळ होतं: दुसरं कोण येतं आमच्या दारात? त्यापुढे मला बोलता आलं नाही. आजही मला तो प्रकार आवडत नाही, पण तो बघणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही.

२०१५ साली याच कार्यक्रमात 'आल्डुब' या जोडीची गोष्ट घडली. पडद्याच्या दोन भागांत दिसणारे, एकमेकांना न भेटलेले दोघं, फक्त हावभावांनी आणि गाण्यांच्या ओळींनी बोलायचे. २४ ऑक्टोबरला बुलाकानच्या फिलिपीन अरेनात त्यांची भेट झाली, त्या दिवशी चार कोटींहून जास्त ट्वीट पडले. तिता अजूनही तो दिवस कालच घडल्यासारखा सांगतात.

आणि रात्री 'आंग प्रोबिन्स्यानो' ही मालिका. त्यातला नट कोको मार्टिनचा पोलीस २०१५ ते २०२२, सात वर्षं गोळ्या खाऊन जिवंत राहिला! कारिंदेरियात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, त्या वेळी कोणी वाढायला उठत नसे. ५ मे २०२०च्या संध्याकाळी ही मालिका दाखवणारी एबीएस-सीबीएन वाहिनी बंद झाली. तिचा २५ वर्षांचा परवाना संपला होता आणि संसदेने नवा दिला नव्हता. १९७२च्या मार्शल लॉनंतर पहिल्यांदाच तो पडदा काळा झाला. लॉकडाऊनमुळे सगळे घरात अडकलेले, त्यात हे. जून महिन्यात मालिका केबलवर आणि इंटरनेटवर परत आली. तिताकडे केबल नव्हती, म्हणून रोज रात्री माझा फोन स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवायचा आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती. एखाद्या वाहिनीचा परवाना हा वरच्या लोकांच्या राजकारणाचा विषय वाटतो. मी तो त्या स्वयंपाकघरात बघितला.

मकाती

आम्ही शाकाहारी, म्हणून पहिले महिने कठीण गेले. पिनाकबेत नावाची भाजी बघून हरखले: भोपळा, वांगी, भेंडी, कारली, सगळी आपलीच. पण तिच्यात बागोओंग, म्हणजे खारवून आंबवलेली कोलंबी किंवा मासळी असते. "मांस नको" म्हटलं की तुकडे काढून तीच वाटी पुढे येते, अगदी प्रेमाने. शेवटी घरीच रांधायचं ठरलं. सकाळचा ताहो मात्र आमचाच: गरम मऊ टोफू, तपकिरी साखरेचा पाक आणि साबुदाणे. खांद्यावर कावड घेतलेला विक्रेता "ताहोsss" अशी लांब आरोळी देत जातो, तेव्हा माझी मुलगी कप घेऊन पळायची.

सारी-सारी दुकान म्हणजे घराच्याच खिडकीला जाळी लावलेली. शांपूची पुडी, एक सिगारेट, लसणाची एक कांडी, पिशवीत बांधलेलं दोन चमचे तेल. याला तिंगी म्हणतात. एकूण हिशेब केला तर गरिबाला महागच पडतं, पण रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हातात महिन्याचे पैसे एकदम कधी येतात? उधारीची वही असतेच. त्या दुकानदारीण बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, तुझा नवरा फाइव्ह-सिक्स करतो का? पाच घ्या, सहा परत करा, अशी कर्जं देणारे आणि मोटरसायकलवर वसुलीला फिरणारे बहुतेक पंजाबी. पण तिथे सगळ्याच भारतीयांना "बुंबाय" म्हणतात. मी खरोखरच मुंबईजवळची, डोंबिवलीची. ते ऐकून त्यांना इतका आनंद झाला की पुढे कोणी मला चिडवलं तर त्याच भांडायच्या.

आणि हो, बाथरूममध्ये ताबो असतो. बादलीतून पाणी घ्यायचा दांडीचा मग. परदेशी राहिलेल्या कोणत्याही मराठी बाईला विचारा, यात काय सुख आहे ते.

रत्नागिरी, बोटीवर नोकरी

आमच्या बोटीवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि कुक फिलिपिनो. दर शनिवारी मेसमध्ये कराओके. सुटीच्या काळात एका सोबत्याच्या घरी इलोइलोला गेलो. घरात शिरल्याबरोबर त्याच्या मुलांनी माझा हात घेऊन कपाळाला लावला, मोठ्यांना नमस्कार करायची ती पद्धत. १६ डिसेंबरपासून नाताळपर्यंत रोज पहाटे, अंधारात, सिंबांग गाबीची प्रार्थना. बाहेर गरम बिबिंगका, म्हणजे तांदळाच्या पिठाचा केक. प्रत्येक दारात पारोल, म्हणजे चांदणीचा कंदील. त्यांचा नाताळ सप्टेंबरपासूनच सुरू होतो. घरात मोठे खोके उघडले जात होते: बालिकबायान बॉक्स, त्याच्या दुबईतल्या बहिणीने पाठवलेले. साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस, टॉवेल. खोका समुद्रमार्गे येतो, कित्येक आठवडे लागतात. म्हणून त्या बाईंनी नाताळची खरेदी गणपतीच्या सुमारास केली होती. आमच्या आळीतही आखातातून पेट्या यायच्या, म्हणून सांगतो: त्या खोक्यात काय आहे यापेक्षा कोणाचं नाव कशावर लिहिलंय, ते आधी बघतात.

सेबू

इथे जीपनीवर मार्गाचा आकडा असतो, ०४एल, १३सी असा. उतरताना "लुगार लांग" म्हणायचं. मनिलातलं "पारा पो" म्हटलं की लगेच कळतं, हा बाहेरचा.

मी १६ डिसेंबर २०२१च्या रात्रीबद्दल लिहितो. ओदेत वादळ सेबूवर आलं तेव्हा मी चौथ्या मजल्यावर होतो. खिडक्या गेल्या. सकाळी वीज नाही, पाणी नाही, फोन नाही, आणि हे कित्येक भागांत अनेक आठवडे चाललं. पेट्रोलला रांग, पिण्याच्या पाण्याला रांग, मॉलमध्ये फोन चार्ज करायला रांग. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे जनरेटर होता. त्यांनी दारात चार्जिंगच्या पट्ट्या लावून ठेवल्या, पैसे घेतले नाहीत. माझा फोन चालू झाला तेव्हा आईचे कोल्हापूरहून आलेले मेसेज एकामागोमाग वाजायला लागले. त्या घरातल्या आजींनी विचारलं, आई का? मी हो म्हटलं, तर त्यांनी मला आत बसवून भात आणि सुकी मासळी वाढली, आणि जेवता जेवता आईला फोन लावायला सांगितलं. त्या दोघी दोन वेगळ्या भाषांत बराच वेळ बोलल्या. जाताना आजींनी उद्या रिकामी बाटली घेऊन ये म्हणून सांगितलं, पहाटे पाण्याचा टँकर येणार होता.