पंधरा दिवसांत निकाल लावू नका

‘मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल पंधरा दिवस घेतली, फरक नाही म्हणून सोडली’ असं इथे कुणीतरी लिहिलेलं वाचलं, म्हणून लिहितेय. अहो, ही डोकं दुखल्यावर घ्यायची गोळी नव्हे, मायग्रेनचे अटॅक कमी यावेत म्हणून रोज घ्यायची आहे. गुण कळायला ६ ते ८ आठवडे जातात. शिवाय ती मनानं एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. दमा असेल तर तेही आधीच सांगा.

मला याचसाठी आधी टोपिरामेट ही गोळी दिली होती. बोटांना सतत मुंग्या, आणि प्यायचा सोडा तर चक्क बेचव लागायचा! (दिवस जायची शक्यता असेल तर ही गोळी नकोच.) आता रात्री फ्लुनारिझिन ही त्याच कामाची दुसरी गोळी घेते. महिन्याला आठ अटॅक यायचे, ते दोनवर आलेत. वजन मात्र चार किलो वाढलं. दुखलेल्या दिवशी कॅलेंडरवर लाल फुली मारते. डॉक्टर आधी तेच बघतात.