मदत हवी आहे: वजन ७१ वर अडकलं, हलूनच नाही राहिलं

खामल्याची_सून
दोन महिने झाले. ७१.२, ७१.८, परत ७१.४. काटा बदलून पाहिला, सेल बदलून पाहिले. खाणं कमी आहे, चालणं आहे, गोड बंद आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिराचं लग्न आहे अन् मी ब्लाउज मुद्दाम एक माप लहान टाकला आहे शिवायला. "धीर धरा" सांगू नका, तो धरून झाला. नेमकं काय करायचं ते सांगा.

फुटाळाकाठ
वय, उंची, सुरुवातीचं वजन? काही गोळ्या चालू आहेत का?

खामल्याची_सून
वजन अडकलं हा प्रश्न आहे, वयाचा काय संबंध? असो. ४३. पाच फूट एक इंच. डिसेंबरात ८० होते.

फुटाळाकाठ
म्हणजे मार्चपर्यंत नऊ किलो उतरवले आणि हे पहिल्या पोस्टीत नाही! ताई, ८० किलोचं शरीर चालवायला जेवढं लागायचं तेवढं ७१ ला लागत नाही. ताट तेच राहिलं तर कधीतरी जमा-खर्च बरोबरीत येणारच. तुमचं तिथेच आलं असावं. शिवाय चाळिशीनंतर स्नायू उतरतात, नुसतं चालून ते टिकत नाहीत. आठवड्यातून तीनदा उठाबशा, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या दोन भरल्या बाटल्या उचलणं, एवढं तरी सुरू करा. वरण घट्ट करा, भात कमी. गोळ्यांचं तुमचं सांगायचं राहिलं.

दोनवेळा५५
खाणं "कमी" म्हणजे किती वेळा? मूळ प्रश्न तिथं आहे. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मध्ये फक्त पाणी, पातळ ताक नाहीतर कोरा बिनसाखरेचा चहा. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. डॉ. दीक्षितांचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मूळ विचार आपल्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे इथले लोकच विसरले. माझे १४ किलो गेले. दर वेळी तोंडात काही टाकलं की इन्सुलिन वाढतं, मग चरबी जळणार कशी?

तूपलोणी
आले! कोणी वजन शब्द काढला की ५५ मिनिटं हजर. माझ्या नणंदेनं दोन वेळचं सहा महिने केलं. पित्तानं हैराण झाली, दुसऱ्या जेवणाला चार पोळ्यांवर ताव मारायची. मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं पाळते. दर दोन तासांनी थोडं, घरचं, हंगामातलं, वर तूप. एकदाही उपाशी राहिले नाही.

दोनवेळा५५
आणि वजन किती उतरलं?

तूपलोणी
मी वजन करत नाही. कपडे सांगतात.

सदाशिवपेठी
नागपूरकरांनी सकाळी पोह्यांवर तर्री ओतणं थांबवलं तरी निम्मे प्रश्न सुटतील असे वाटते.

तर्रीवाला
तुम्ही पोह्यात साखर घालता ते चालते काय जी? आमच्या तर्रीत चणे तरी असतात.

सदाशिवपेठी
आणि वर एक इंच तेल.

तर्रीवाला
ते बाजूला करता येते. साखर कशी बाजूला कराल?

फुटाळाकाठ
पोह्यांचा वेगळा धागा काढा हो. ताई, चालणं आहे म्हणता, ते किती आणि कुठं?

खामल्याची_सून
अंबाझरीला गाडीनं जायचे, तलावाकाठी पाऊण तास. एप्रिलपासून गच्चीवर, संध्याकाळी, जमेल तसं. इथं ४५ डिग्रीत कोण चालते? सकाळी सातलाच चटके. नवतपा, ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तर अजून लागायचाच आहे.

वऱ्हाड_एक्स्प्रेस
माझा मुलगा १७ वर्षांचा, ४६ किलो. काहीही खाऊ घाला, अंगाला लागत नाही. वजन वाढवायला काय द्यावं? केळी-दूध देऊन पाहिलं.

फुटाळाकाठ
म्हणजे "चालणं आहे" नाही, चालणं होतं. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट सोडून जिना चढा, सावली असते. नाहीतर पहाटे पाचला निघा. आणि तेल?

खामल्याची_सून
तेल दोन चमचे. रविवार धरू नका, रविवारी सावजी रस्सा असते.

तर्रीवाला
रविवार धरू नका 😂 रविवारचा काटा बंद असते काय ताई?

फुटाळाकाठ
सासूबाईंना विचारा, पाच लिटरचा डबा किती दिवस जातो. घरात माणसं किती?

खामल्याची_सून
पंचवीस दिवस. चार माणसं.

फुटाळाकाठ
माणशी रोज ५० मिली. साधारण ४६ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे चारशेच्या वर गेल्या. हे दोन चमचे नाहीत. फोडणी, पोळीला लावलेलं, पापड, भज्यांच्या कढईत जे आटतं ते, सगळं त्या डब्यातूनच जातं. माझ्याही घरी असंच निघालं होतं, मग बायकोनं डब्यावर तारीख टाकायला सुरुवात केली.

खामल्याची_सून
सासूबाई म्हणतात, डब्यातलं अर्धं दिव्यात जाते. ते खरं नाही, मला माहीत आहे.

औषधवाला_इतवारी
तीनदा विचारून झालं, गोळ्या कोणत्या?

खामल्याची_सून
थायरॉईडची आहे, पण ती तर दहा वर्षांपासून चालू आहे. त्याचा अडकण्याशी संबंध नाही, तेव्हाही नऊ किलो उतरलेच ना.

औषधवाला_इतवारी
कशी घेता? कशासोबत?

खामल्याची_सून
सकाळी उठल्या उठल्या, चहासोबत. कॅल्शियमचीही तेव्हाच घेते, विसरायला नको म्हणून. मार्चमध्ये टाच दुखायला लागली तेव्हापासून आहे ती.

औषधवाला_इतवारी
सापडलं काहीतरी. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी लागते, ती थायरॉईडचं औषध आतड्यात धरून ठेवते, अंगी लागूच देत नाही. तुमचं वजन मार्चमध्येच थांबलं ना? शेवटचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कधीचा?

खामल्याची_सून
मागच्या दिवाळीचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कॅल्शियम लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही विचारलं नाही अन् मीही बोलले नाही.

फुटाळाकाठ
तपासून घ्याच. पण सगळं खापर थायरॉईडवर फोडू नका. त्यानं फार तर दोन-चार किलोंचा फरक पडतो, तोही बराचसा पाण्याचा. तेलाचा डबा जागेवरच आहे.

दोनवेळा५५
चहाच बंद केला असता तर ही वेळच आली नसती.

तूपलोणी
यांना प्रत्येक आजारात चहाच दिसतो.

दोनवेळा५५
ताई, एक मात्र, गोळ्या चालू असताना जेवणाच्या वेळा बदलायच्या तर आधी डॉक्टरांना विचारा. हे मी नेहमीच सांगतो.

सदाशिवपेठी
पहिल्यांदाच सांगितलंत.

खामल्याची_सून
(नऊ दिवसांनी) टीएसएच ७.९ आला, वाढलेला. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. आधी गोळीची वेळ सुधारा, कॅल्शियम रात्री जेवणानंतर घ्या, सहा आठवड्यांनी परत रक्त द्या म्हणाल्या. म्हणजे लग्नानंतर. नवीन डब्यावर तारीख टाकली आहे, सासूबाई बोलून नाही राहिल्या. पहाटे पाचला दोनदा गेले चालायला. वजन ७१.१.
ब्लाउज आला. टेलरनं न विचारता आतून दीड इंच माया ठेवली आहे.

तर्रीवाला
टेलर हुशार आहे. लग्नात सावजी हाये काय?

वऱ्हाड_एक्स्प्रेस
माझ्या मुलाचं कोणीच नाही सांगितलं.